पूर्व किनाऱ्याचे कागद

मुंबई बंदराच्या जमिनीचं पुढे काय करायचं, हा प्रश्न आता एका पिढीएवढा जुना झाला आहे. इतक्या वर्षांत त्याला मिळालेली उत्तरं बहुतेक चित्रांतूनच आली. चित्रात एक रुंद पदपथ असतो, त्याच्या कडेला ओळीनं लावलेले पाम, पाण्यात पांढऱ्या यॉट, मागे काचेचे मनोरे, आणि पदपथावरून बाबागाडी ढकलत चाललेली एक बाई. चित्र माझगावचं असो की शिवडीचं, बाई तीच. तिच्या आसपास मासळीचा वास नसतो, ओहोटीचा चिखल नसतो आणि तिच्या वर्षात जून ते सप्टेंबर हे महिनेही नसतात. या पुस्तकानं त्या बाईला रजा दिली आहे, हा मला त्याचा पहिला गुण वाटला.

कुलाब्याच्या ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंतच्या किनाऱ्याबद्दल हे पुस्तक आहे. सगळी वळणं धरली तर हा काठ सुमारे 28 किलोमीटर भरतो असं सांगतात. त्यावरची सुमारे 1,800 एकर जमीन मुंबई पोर्ट ट्रस्टची. 2021 च्या कायद्यानंतर ट्रस्टचं नाव मुंबई पोर्ट अथॉरिटी झालं, पण गोदीतल्या माणसाच्या तोंडी अजून ‘बीपीटी’च, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टच, आहे. शहराच्या मूळ बेटाचा एक दशांशाहून थोडा जास्त भाग म्हणजे ही जमीन. गिरण्यांच्या जमिनीवरून मुंबईत वीस-पंचवीस वर्षं भांडण चाललं, ती सगळी मिळून सुमारे 600 एकर होती. इथं त्याच्या तिप्पट आहे, आणि गिरण्यांना होते तसे अनेक मालक नाहीत. मालक एकच आहे, तोही सरकारी. इतकी मोठी, सलग, पाण्याला लागून असलेली सार्वजनिक जमीन या शहराच्या हाती पुन्हा लागायची नाही.

तरीही गिरणगावावर मराठीत जितकं लिहिलं गेलं त्याच्या पासंगालाही गोदीवरचं लेखन पुरत नाही. गिरणगावाला कवी मिळाले, नाटककार मिळाले, मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्यासारख्या संशोधक मिळाल्या, ज्यांनी शंभर माणसांच्या तोंडून त्याची कथा लिहून काढली. गोदी कामगार मात्र कथा-कादंबऱ्यांत आला तो बहुतेक वेळा कुणाचा तरी शेजारी म्हणून. मला यामागचं कारण साधं वाटतं. गिरणी वस्तीच्या मध्यावर होती. तिचा भोंगा घराघरात ऐकू जायचा. गोदी भिंतीआड होती. पी. डिमेलो रोडनं जाणाऱ्या माणसाला लांबच लांब भिंत दिसे, दरवाज्यांचे रंग दिसत, वर क्रेनची टोकं दिसत. ऑरेंज गेट, ग्रीन गेट, येलो गेट ही नावं मुंबईकराला पाठ असतात. आत काय आहे ते त्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. जे पाहिलेलंच नाही त्याचं भविष्य कल्पायला सांगितलं की माणूस दुबईची चित्रं काढतो.

पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक लेखाचं मूळ एका जुन्या प्रश्नात आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ही जमीन सार्वजनिक झाली कशी?

1858 साली एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी नावाची एक खासगी कंपनी निघाली. तिच्या नावातला ‘प्रेस’ म्हणजे कापसाच्या गाठी दाबण्याचं यंत्र. सरकारशी करार करून तिनं पूर्व किनाऱ्यावर भराव घातला आणि धक्के बांधले. पाठोपाठ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. त्या तेजीत समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेण्यासाठी शहर वेडं झालं होतं. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. बऱ्याच कंपन्या बुडाल्या, एल्फिन्स्टन तगली. 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई युरोपच्या जवळ आली. आता एवढा मोठा व्यापार ज्या काठावरून चालणार तो काठ एका कंपनीच्या हातात, ही गोष्ट सरकारला आणि व्यापाऱ्यांनाही सलू लागली. 1870 मध्ये सरकारनं कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. ससून कंपनीनं 1875 मध्ये कुलाब्याला स्वतःची गोदी बांधली होती. चार वर्षांत तीही ट्रस्टकडे आली. मुक्त व्यापाराचे गोडवे गाणाऱ्या साम्राज्यालाही बंदराचा काठ खासगी हातांत ठेवणं परवडलं नाही, एवढं या कागदांतून दिसतं. इंग्रजांनी हे लोककल्याणासाठी केलं असं समजायचं कारण नाही. कापूस स्वस्तात आणि वेळेवर बाहेर जावा, एवढाच त्यांचा हेतू होता. पण त्या हिशेबापोटी का होईना, जमीन सगळ्यांच्या नावावर आली.

पुढचा इतिहास दगडात बांधलेला आहे. मोठ्या भरती-ओहोटीतला फरक मुंबईला पाच मीटरच्या आसपास जातो, म्हणून दरवाजे लावून आत पाणी अडवणाऱ्या गोद्या बांधाव्या लागल्या: 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, 1891 पर्यंत व्हिक्टोरिया, 1914 मध्ये अलेक्झांड्रा, जिला आता इंदिरा डॉक म्हणतात. अलेक्झांड्राच्या खोदाईतून निघालेल्या माती-दगडांनी समुद्र बुजवून त्यावर बॅलार्ड इस्टेट वसवली गेली. बंदराच्या जमिनीचा शहरी मोहल्ला करायचा प्रयोग मुंबईत नवा आहे असं मानणाऱ्यांनी एका रविवारी तिथं चक्कर मारावी. इमारतींची उंची जुळलेली, दर्शनी भाग एकमेकांशी बोलणारे, रस्ते रुंद, सावली भरपूर. हे सगळं वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांच्या प्रतिभेचं फळ म्हणून सांगतात, आणि ते खरंही आहे. पण भाडेकरू कंपन्यांनी विटेटचं ऐकलं ते जमीन ट्रस्टची होती आणि बांधकामाच्या अटी ट्रस्टनं घातल्या होत्या म्हणून. त्या मोहल्ल्याचं सौंदर्य निम्मं नकाशात आणि निम्मं भाडेपट्ट्यात आहे. या पुस्तकातला बॅलार्ड इस्टेटवरचा लेख नेमका हे दुसरं निम्मं उघडून दाखवतो, आणि माझ्या मते संग्रहातला तो सर्वांत नेटका लेख आहे.

14 एप्रिल 1944 च्या स्फोटावर इथं वेगळा लेख नाही, आणि ते बरं झालं. व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापूस आणि दारूगोळा एकत्र भरून उभी राहिलेली फोर्ट स्टिकिन बोट, आग विझवताना गेलेले अग्निशमन दलाचे जवान, दूरवर उडालेल्या सोन्याच्या विटा, हे सगळं मराठी वाचकाला ठाऊक आहे. विटांबद्दल तर जरा जास्तच.

कमी ठाऊक आहे ते कामाचं. गोदीत माणसं टोळीनं कामाला लागत. टोळीवर मुकादम, मुकादमाच्या वर ठेकेदार, आणि आज काम मिळालं म्हणून उद्या मिळेल याची खात्री नाही. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा झाला, नोंदणी आली, हजेरी आली, काम नसलेल्या दिवसाचाही काही पैसा आला. हे आपोआप झालं नाही. ज्यांच्या नावाचा रस्ता आज सगळे वाहतूक कोंडीसाठी ओळखतात, ते प्लॅसिड डिमेलो या लढ्याचे पुढारी. भिंतीबाहेर, दाणाबंदरात आणि लोखंड बाजारात, तेच ओझं माथाडी वाहत होते. त्यांच्यासाठीचा कायदा 1969 मध्ये झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटील. दोन्ही कायद्यांच्या मधली ती भिंत ओलांडायला एकवीस वर्षं लागली.

आणि मग कंटेनर आला. गाठी, पोती, पिंपं हातानं मोजून उतरवण्याचं काम एका पोलादी पेटीनं आणि एका क्रेननं घेतलं. कंटेनरला खोल पाणी आणि मागे मोकळं मैदान लागतं. मुंबईच्या धक्क्यामागे शहर भिंतीला टेकलेलं होतं. मे 1989 मध्ये समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि पेट्या तिकडे गेल्या. दाण्याचा बाजार वाशीला गेला, लोखंडाचा कळंबोलीला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या नव्या कंटेनर टर्मिनलच्या मागचं मैदान व्हावं म्हणून भराव घालून बुजवल्या गेल्या. ते टर्मिनल ठरल्याप्रमाणे चाललंच नाही, आणि तिथल्या धक्क्यावरून परदेशी जाणाऱ्या मोटारी चढू लागल्या. दरवाजे लावून समुद्र आत घ्यायला ज्यांनी एक पिढी खर्च केली, त्यांच्या गोद्या बुजवायला आपल्याला एक निविदा पुरली.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा, कारण पुस्तकातल्या दोन लेखकांनीही तो अर्धवट ठेवला आहे. ‘मृत बंदर’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांना आवडतो. मुंबई बंदर मेलेलं नाही. वर्षाला सहा कोटी टनांच्या आसपास माल ते आजही हाताळतं. त्यातला मोठा भाग म्हणजे कच्चं तेल आणि तेलाचे पदार्थ, जे जवाहर द्वीप आणि पीर पाव इथं उतरतात आणि पाण्याखालच्या नळांतून माहुलच्या रिफायनऱ्यांकडे जातात. टनांचा आकडा फुगलेला, धक्का ओस, आणि पगारावरच्या माणसांच्या कितीतरी पट पेन्शनर. यातली शेवटची गोष्ट जमिनीच्या चर्चेत फारसं कुणी उच्चारत नाही, पण बंदराला जमिनीतून पैसा का हवा आहे त्याचं उत्तर तिथं आहे. जमिनीच्या उत्पन्नातून म्हाताऱ्या गोदी कामगारांची पेन्शन भागणार असेल तर त्याला नाक मुरडायचं कारण नाही. फक्त तसं उघड सांगून, हिशेब मांडून ते व्हावं.

आता कल्पनेकडे येतो. केंद्र सरकारनं 2014 मध्ये पोर्ट ट्रस्टच्या माजी अध्यक्ष राणी जाधव यांच्या नेतृत्वाखाली एक समिती नेमली. 2018 मध्ये पोर्ट ट्रस्टच या जमिनीचं विशेष नियोजन प्राधिकरण झाला आणि सुमारे 966 हेक्टरांच्या क्षेत्राचा प्रारूप आराखडा पुढे आला. उद्यानं, किनाऱ्यालगतचा पदपथ, पर्यटन, कार्यालयं असं सगळं त्यात होतं. दरम्यान किनारा वाट पाहत थांबलेला नाही. 2013 मध्ये पूर्व मुक्त मार्ग बंदराच्या जमिनीवरून धावू लागला, 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये शिवडीपासून 21.8 किलोमीटरचा अटल सेतू उघडला, आणि ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंतच्या बोगद्याचं काम हाती घेतलं गेलं. यातला प्रत्येक प्रकल्प आजूबाजूच्या एकराचा भाव बदलतो. आराखडा कागदावर असताना भाव ठरून गेलेले असतात, आणि मग आराखड्याला भावाच्या मागून चालावं लागतं.

या बाबतीत आपला जुना अनुभव गिरण्यांचा आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम 58 होता: गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेलं मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं 1996 मध्ये सुट्या तुकड्यांऐवजी एकत्र नियोजन सुचवलं. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, असं झालं. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? सगळीकडे तर शेड. शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला त्यामुळे तुकडे आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2006 मध्ये बदललेला नियम कायम राहिला. परळ-लोअर परळला आज जे आहे ते एखाद्या वास्तुरचनाकाराच्या कल्पनाशक्तीचं फळ किंवा पाप नाही. एका वाक्यातल्या दुरुस्तीनं ते घडवलं, आणि ती दुरुस्ती झाली तेव्हा शहरात कुणी चित्रप्रदर्शन भरवलेलं नव्हतं.

संपादकांनी परदेशी उदाहरणं कमी ठेवली आहेत. जी आहेत त्यांत लंडन आणि हॅम्बुर्ग ही जोडी नीट वाचण्यासारखी आहे. लंडनच्या गोद्या ओस पडल्यावर 1981 मध्ये एक विकास महामंडळ नेमलं गेलं, स्थानिक नगरपालिकांचे नियोजनाचे अधिकार त्याच्याकडे गेले, करसवलती दिल्या गेल्या, आणि बाजारानं काय बांधायचं ते ठरवलं. कॅनरी व्हार्फ उभारणारी ऑलिंपिया अँड यॉर्क कंपनी 1992 मध्ये दिवाळखोरीत गेली. मोठी मेट्रो मार्गिका तिथं 1999 मध्ये पोचली. कार्यालयं भरली, मनोरे वाढले, पण गोदी कामगारांच्या मुलांना त्या मनोऱ्यांत फार काही मिळालं नाही, ही तक्रार तिकडे अजून संपलेली नाही.

हॅम्बुर्गचं वेगळं. तिथल्या हाफेनसिटीची घोषणा 1997 मध्ये झाली, आराखडा 2000 मध्ये मंजूर झाला, क्षेत्र 157 हेक्टर. जमीन शहराचीच. ती विकून येणारा पैसा आधी आल्टनवेर्डरचं नवं कंटेनर टर्मिनल उभारण्यासाठी वापरायचा होता, म्हणजे जुन्या बंदरानं नव्या बंदराचा खर्च उचलायचा. पण मला रस आहे तो विकायच्या पद्धतीत. इच्छुक बांधकाम कंपनीला जमीन लगेच मिळत नाही. आधी ठरावीक काळापुरता फक्त तिच्यावर हक्क मिळतो, त्यासाठी पैसे मोजावे लागतात, त्या काळात शहराबरोबर बसून आराखडा करावा लागतो, वास्तुरचनाकारांची स्पर्धा घ्यावी लागते. तोवर करार पक्का नाही. दिलेला शब्द पाळला नाही तर जमीन शहराकडे राहते. निवड करताना सर्वांत मोठ्या बोलीपेक्षा तिथं काय होणार याला वजन. सुरुवातीला तिथंही श्रीमंतांचीच घरं झाली, ओरड झाली, आणि नंतरच्या टप्प्यांत साधारण एक तृतीयांश घरं सरकारी साहाय्याची असावीत असं ठरलं. टप्पे होते म्हणून सुधारायला जागा राहिली. एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहानं शहराच्या तिजोरीला जो खड्डा पाडला, सुरुवातीच्या 77 दशलक्ष युरोंवरून 789 दशलक्षांवर, तोही त्याच शहराचा. तेव्हा हॅम्बुर्गचे गोडवे गाताना हात जरा आखडता घ्यावा.

मुंबईत हे जसंच्या तसं उतरणार नाही, कारण हॅम्बुर्ग हे शहरच एक राज्य आहे. आपल्याकडे जमीन केंद्राच्या अखत्यारीतल्या संस्थेची, नगररचनेचा कायदा राज्याचा, आणि पाणी, गटारं, शाळा महापालिकेच्या. तिघांच्या मधल्या फटीत जो सापडतो त्याचं काय होतं हे कौला बंदरात दिसतं. रे रोडच्या पलीकडे पाण्यात शिरलेल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावर तमिळ, उत्तर भारतीय आणि मराठी कुटुंबं कित्येक दशकं राहत आहेत. जमीन केंद्राची, म्हणून पालिकेचा नळ नाही, आणि राज्याच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचं छत्रही वर्षानुवर्षं नाही. पाणी खासगी पाइपांतून, मोटार लावून, विकत. या वस्तीवरचा लेख सार्वजनिक आरोग्याच्या अंगानं लिहिलेला आहे. वाचताना सोपा वाटतो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत डोक्यातून जात नाही.

या फटीत गरीबच सापडतात असंही नाही. बंदराच्या जमिनीवर वखारी आहेत, कारखाने आहेत, पारशी-गुजराती पेढ्या आहेत, मध्यमवर्गीयांच्या जुन्या इमारती आहेत. कुणाचा पट्टा लांब मुदतीचा, कुणाचा पंधरा महिन्यांचा, कुणी महिन्या-महिन्याचा भाडेकरू. अनेकांची मुदत केव्हाच संपलेली. ट्रस्टनं भाडं बाजारभावाला नेऊन भिडवलं तेव्हा ही मंडळी न्यायालयात गेली. जमशेद होरमसजी वाडिया विरुद्ध मुंबई बंदराचं विश्वस्त मंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये निकाल दिला. भाडं वाढवायला हरकत नाही, पण राज्यसंस्थेचा भाग असलेल्या मालकाला एखाद्या नफेखोर घरमालकासारखं वागता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. हा निकाल भाडेकरूंच्या वकिलांना पाठ आहे. माझ्या मते तो शहराच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हवा होता. सरकारी मालक हा केवळ सरकारी शिक्का असलेला बिल्डर नव्हे, हे न्यायालयानं एका भाड्याच्या भांडणात सांगून ठेवलं आहे.

पलीकडच्या किनाऱ्याचा उल्लेख या पुस्तकात जेमतेम आहे, ही मला उणीव वाटते. पेट्या जिकडे गेल्या तिथं आधी भातशेती आणि मिठागरं होती, आगरी-कोळ्यांची गावं होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला आणि जानेवारी 1984 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्यातून विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के मूळ शेतकऱ्याला परत देण्याचं सूत्र आलं. ‘साडेबारा टक्के’ हे दोन शब्द उरण-पनवेलच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर समजावून सांगावे लागत नाहीत. तेव्हा इकडच्या काठावर कुणाला किती टक्के, हा प्रश्न विचारणं अडाणीपणाचं किंवा विकासविरोधी आहे असं म्हणणाऱ्यांनी खाडी ओलांडून यावं. ससून डॉकच्या लिलावाला पहाटे उभ्या राहणाऱ्या कोळणी, कोळंबी सोलणाऱ्या बायका, मॅलेट बंदराला ट्रॉलरवर बर्फ चढवणारे, दारूखान्यात पोलाद कापणारे, यांचं सूत्र अजून कुणी मांडलेलंही नाही.

पाण्याबद्दलचा भाग पुस्तकाच्या शेवटी आला आहे. मी संपादक असतो तर तो आधी घेतला असता. प्रिन्सेस डॉक खणताना, ओहोटीच्या पातळीच्याही खाली, खैराच्या झाडांचे बुंधे सापडले; कित्येक झाडं मुळांसकट उभी होती. कधी काळी जमीन असलेलं ते रान समुद्राखाली गेलं होतं. त्याच्यावर आपण गोदी बांधली, मग तीही बुजवली. म्हणजे ज्या जमिनीचे एकरी भाव आपण बोलतो आहोत ती भरावाची आहे, तिच्याखालची जमीन खचण्याचा इतिहास आहे, आणि समोरचं पाणी वाढतं आहे. हाफेनसिटीतल्या इमारती नदीच्या पुरासाठी समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच जोत्यांवर बसवल्या आहेत. मुंबईच्या चित्रात पदपथ बरोबर पाण्याच्या काठाला चिकटलेला असतो. शिवडीची दलदल, जिच्यावर हिवाळ्यात रोहित येतात, ही पक्षीप्रेमींची चैन म्हणून नकाशावर हिरवी रंगवली जाते. भरतीचं पाणी मुरवणारी, लाट मोडणारी यंत्रणा म्हणून तिची किंमत कुणी लावत नाही. आणि जहाजं तोडणाऱ्या दारूखान्याच्या मातीत तेल, रंग, शिसं असं काय काय मुरलं आहे ते तपासल्याशिवाय तिथं मुलांचं उद्यान आखू नये, हे सांगायला तज्ज्ञ लागू नयेत. लेखिकेनं हे चढ्या आवाजात सांगितलेलं नाही. तिनं भरतीची कोष्टकं दिली आहेत आणि आराखड्यातल्या जोत्यांच्या उंच्या त्यांच्या शेजारी मांडल्या आहेत.

वारसा हा विषय दोन लेखांत आला आहे आणि दोन्ही थोडे भाबडे आहेत. वखारींची दगडी कमान जपायची, आत कॅफे काढायचा, भिंतीवर कोळणीचं मोठं चित्र रंगवायचं, एवढ्यानं वारसा जपला जात असता तर बरं झालं असतं. चित्रातल्या कोळणीला त्या कॅफेसमोर टोपली घेऊन बसता येईल का, हे लेखकांनी विचारायला हवं होतं. कोकणातून येणाऱ्या कित्येकांची मुंबई बोरीबंदरला नव्हे, भाऊच्या धक्क्याला सुरू व्हायची. जुलै 1947 मध्ये गटारीच्या दिवशी रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या धक्क्यावर त्याची आठवण सांगणारं काहीतरी ठसठशीत असावं ही सूचना मात्र मला मनापासून पटली. त्यासाठी मनोरा नको, एक नीट लिहिलेली पाटी आणि बसायला सावली पुरे.

राहिला शेवटचा लेख, ज्याच्यावरून प्रकाशनाआधीच वाद झाले. लेखकाचं म्हणणं असं की यातल्या निदान एक तृतीयांश जमिनीबद्दल आज काहीच ठरवू नये. पट्टे तीस वर्षांचे द्यावेत, नव्याण्णवचे नकोत, आणि एक मोठा भाग पुढच्या पिढीसाठी कोरा ठेवावा. आजच्या गरजा, आजचे भाव, आजचं तंत्रज्ञान पाहून सगळं वाटून टाकलं तर 2060 मधल्या मुंबईकराच्या हाती फक्त भाडेकरार उरतील, असा त्याचा युक्तिवाद. त्याचा पहिला भाग मला मान्य आहे. अल्प मुदतीचे, अटी मोडल्यास परत घेता येतील असे पट्टे हीच या जमिनीची खरी नगररचना ठरेल. दुसरा भाग मान्य नाही. मुंबईत कोरी जमीन कोरी राहत नाही. तिच्यावर डेब्रिज पडतं, वाहनतळ होतो, आणि ज्याच्याकडे दांडगाई आहे त्याची कनात कायमची उभी राहते. राखायची असेल तर ती आजच कुणाच्या तरी वापरात द्यावी लागेल: मासळी सुकवायला, होड्या दुरुस्त करायला, खेळायला, संक्रमण शिबिराला नव्हे. लेखकानं माझी ही हरकत ऐकून घेतली आणि लेखातलं एक अक्षरही बदललं नाही. त्यानं परिशिष्टात जोडलेलं पट्ट्यांचं कोष्टक, कुठला भूखंड कोणत्या मुदतीनं, कोणत्या अटीवर, कुणाला, हे या विषयावर मराठीत पहिल्यांदाच इतक्या उघडपणे मांडलं जात आहे असं मला वाटतं. वाचकानं नकाशांच्या आधी ते वाचायला घ्यावं.